एकेचाळीस कच्चे लिंबू

सर कॅन्टीनमध्ये कधी 'नेहमीचा' म्हणाले नाहीत. कॅन्टीनच्या मावशी विचारायच्या, "सर, नेहमीचाच चहा ना?"

"नेहमीचा म्हंजी कंचा?"

"साखर कमी, पत्ती जास्त."

"तो कालचा झाला. आज इचार की."

मावशी पदराला हात पुसत म्हणायच्या, "बरं बाबा, आज कसा देऊ?" मग सर खरोखर विचार करायचे. बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघायचे, पोटावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "साखर कमी, पत्ती जास्त." मागे रांगेत उभी असलेली मुलं हसायची. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. मावशी मला विचारतात, "नेहमीचाच का गं?" आणि मी हो म्हणते. तेवढ्यापुरतं काहीतरी टोचतं, पण दरवेळी विचार करून चहा मागण्याइतका धीर माझ्याकडे नाही.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. सरांचं कागदावरचं पद 'प्रयोगशाळा सहायक, करारावर' असं होतं. मुलं त्यांना सर्व्हरवाले सर म्हणायची. जिन्याखाली एक बारकी खोली होती, तिच्यात कॉलेजची दोन मोठी कॉम्प्युटरं अखंड चालू असायची. प्रवेश, परीक्षेचे फॉर्म, निकाल, सगळं त्यांच्यावर. मशीन तापू नयेत म्हणून खोली थंड ठेवायची, त्यामुळे सर भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे. दुपारी बाहेर आले की नगरी उन्हात स्वेटर काढून खांद्यावर टाकायचे आणि घाम पुसत म्हणायचे, "आमी थंडीतून आलोय बाबा, जरा सरका."

आत शिरायचं तर चपला बाहेर. आणि कोणीही आलं, मुलगा, मुलगी, शिपाई, प्राध्यापक, तरी एकच हाक, "या, पाव्हनं."

माझी त्यांची ओळख प्रवेशाच्या दिवशी झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. खिडकीपाशी क्लार्क मॅडम कॉम्प्युटरवर माझा फॉर्म भरत होत्या. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आधीपासूनच 'शेती' आलेलं होतं. मी हळूच म्हणाले, "शेती नाही." मॅडम म्हणाल्या, "राहू दे गं, सगळ्यांचं तेच येतं." मला वाटलं, असेल तसं. कॉलेजमध्ये असंच असेल.

मागून कोणीतरी विचारलं, "मग काय करत्यात वडील?" स्वेटर घातलेला एक बुटका माणूस वायर गुंडाळत उभा होता.

मी इतकी हळू बोलले की त्यांना दोनदा विचारावं लागलं. "ऊसतोडीला जातात. आई पण."

त्यांनी मॅडमना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः 'ऊसतोड कामगार' असं टाईप केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीनला लाजायचं न्हाई. ते कुनाला सांगत बसत न्हाई."

त्याच आठवड्यात त्यांनी तो रकाना सगळ्यांसाठी रिकामा करून टाकला. क्लार्क मॅडम चिडल्या, म्हणाल्या, आता प्रत्येकाला विचारत बसावं लागेल. सर म्हणाले, "मग इचारा. इचारलं की सांगत्यात लोक."

अशा आधीच भरून आलेल्या गोष्टीला कॉम्प्युटरच्या भाषेत डिफॉल्ट म्हणतात. आपण काही सांगितलं नाही, तर मशीन स्वतःच जे धरून चालतं ते. सरांचा त्यासाठीचा शब्द होता 'आयतं'. नवीन मशीन आलं की ते त्याची आयती सेटिंगं एकेक करून उघडत आणि वहीत उतरवून घेत. आयता पासवर्ड तर पहिल्या पाच मिनिटांत बदलायचे. "घराला कुलूप लावून किल्ली त्याच कुलपाला टांगत्यात व्हय?" म्हणायचे. आणि हे एक वाक्य मला अजून कुठेही आठवतं, बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही फॉर्मसमोर. "रिकामं दिसलं तर इचारता येतं. चुकीचं भरलेलं दिसतच न्हाई."

त्यांची ती वही म्हणजे जाड बांधणीचं रजिस्टर होतं. सर्व्हरवरची कुठलीही सेटिंग बदलली की त्यात लिहायचं: काय होतं, काय केलं, का केलं, कोणी केलं. चारही रकाने भरल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. मी 'कमवा आणि शिका'मधून त्यांच्या हाताखाली रोज तीन तास बसायला लागले, तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. फक्त रजिस्टर वाचायला लावलं. एका ओळीत 'का केलं' पुढे लिहिलं होतं, 'पहिल्यांदा मला समजलं नव्हतं म्हणून.' मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले होते. मोठी माणसं असं लिहीत असतील हे मला माहीत नव्हतं.

दोन मशीनना त्यांनी नावं दिली होती. ज्याच्यावर आधी सगळं करून बघायचं ते घोडेगाव. सरांचे वडील घोडेगावच्या बाजारातून बैल आणायचे, आणि जनावराचे दात बघितल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय दाव्याला हात लावायचे नाहीत. जे खरं चालायचं, ज्याच्यावर कॉलेजच्या सगळ्या पोरांची माहिती होती, ते राहाता. "घोडेगावात बघायचं, मग राहात्यात न्यायचं," हा नियम. घोडेगावातलं काही चुकूनही राहात्यात जाता कामा नये.

कारण घोडेगावात ते एकेचाळीसजण राहत होते.

कुठलाही नवीन प्रोग्रॅम आला की तो तपासायला खोटे विद्यार्थी घालावे लागतात. त्याला टेस्ट डेटा म्हणतात. कंपनीची माणसं त्यासाठी 'एबीसी एक्सवायझेड' नावाचा विद्यार्थी बनवतात आणि फोन नंबरच्या जागी नुसते नऊ टाकतात. सरांना ते बघवत नसे. "हा एबीसी कधी नापास व्हत न्हाई, ह्याचा बाप कधी मरत न्हाई, ह्याचं गाव कधी धरणात जात न्हाई. ह्याच्यावर तपासलं तर मशीन म्हननार, सगळं ब्येस हाय." म्हणून त्यांनी स्वतःचे एकेचाळीस विद्यार्थी तयार केले होते. नाव, गाव, सवयी, अडचणी, सगळ्यासकट. लहान मुलांच्या खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही अशा भिडूला कच्चा लिंबू म्हणतात, तसे हे सरांचे कच्चे लिंबू. खेळात आहेत, पण मोजायचे नाहीत.

त्यांच्यात एक नुसता सोपान होता, त्याला आडनावच नव्हतं. एक मंजुळा होती, तिच्या वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा, फक्त आईचं नाव. मंजुळाचा फॉर्म जोवर स्वीकारला जात नाही तोवर सर कंपनीचा प्रोग्रॅम परत पाठवत. कंपनीचा इंजिनीअर फोनवर वैतागून म्हणाला होता, "सर, असा विद्यार्थी प्रत्यक्षात किती वेळा येतो?" सर म्हणाले, "एकदा आला तरी त्याच्यासाठी ती येळ पयलीच असती." एकाच गावातले, एकाच नावाचे दोन संतोष होते. एकाचं नाव इतकं लांब की हॉलतिकिटात मावायचं नाही. एक पोरगा दरवर्षी ऐन परीक्षेत गैरहजर राहायचा.

मी एकदा विचारलं, "सर, हा दरवर्षी गैरहजर का असतो?"

"ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पुढच्या साली बसंल म्हनतोय."

त्या सगळ्यांची जन्मतारीख सरांनी एकच ठेवली होती. एक जून. वर्षं वेगवेगळी, कारण कोणी पहिल्या वर्षाला, कोणी तिसऱ्या. पण तारीख आणि महिना तोच. शोधायला सोपं.

आता जे झालं ते सांगते. हे मी कोणापाशी नीट बोललेले नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होते. दसरा नुकताच झाला होता आणि परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. सर गावाकडे गेले होते, पारनेर तालुक्यात, चुलत्याच्या दहाव्याला. जाताना मला म्हणाले होते, "कशाला हात लावायची गरज न्हाई. नुसती बस." त्याच दिवशी सकाळी कंपनीचा इंजिनीअर येऊन नवीन भाग बसवून गेला. माहिती कुठल्या मशीनवर जायची त्याचा सेटिंगच्या फाईलमधला आयता पत्ता बसवताना त्याने तसाच ठेवला, आणि घोडेगावातली सगळी पोरं राहात्यात जाऊन उभी राहिली. दुपारी हेडक्लार्क यादी घेऊन जिन्याखाली आले. "ही मंजुळा कोण? हा नुसता सोपान कोण? संध्याकाळी यादी विद्यापीठाला जायची आहे. तुमच्या सरांची ही भुतं काढा आधी."

मी सरांना फोन लावला. रेंज नव्हती. चारदा लावला.

मग मला वाटलं, मी करू शकते. खरं सांगायचं तर मला वाटलं, सर आल्यावर म्हणतील, केलंस होय तू. रजिस्टरमध्ये 'कोणी केलं' पुढे पहिल्यांदा माझं नाव येईल. मी विचार केला, सगळ्या कच्च्या लिंबांची तारीख एक जून. वर्ष वेगवेगळं असतं म्हणून वर्ष सोडून दिलं. ज्यांची जन्मतारीख एक जून, ते सगळे राहात्यातून पुसून टाक, अशी एका ओळीची आज्ञा मी मशीनला दिली.

मशीनने उत्तर दिलं: त्रेसष्ट नोंदी पुसल्या.

मी एकेचाळीसची वाट बघत होते.

आमच्याकडच्या माणसांना हे सांगायची गरज पडू नये. ज्या पोराची जन्मतारीख घरी कोणाला माहीत नसते, त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून लिहून टाकतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर बसतं. आमच्या कॉलेजात अशी बावीस मुलं होती. ऊसतोडीवाल्यांची, वीटभट्टीवाल्यांची, मेंढरांमागे फिरणाऱ्यांची. बावीसातली एक मी.

माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे, आणि आज्ञा देताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. ती तारीख मी कितीतरी फॉर्मवर लिहिली आहे. पण ती माझी आहे असं मला कधी वाटलंच नसावं.

पाचच्या सुमाराला सरांचाच फोन आला. मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पुसायच्या आधी मोजलं हुतं?"

"नाही सर."

"आता कशालाच हात लावू नको. पंखा बी बंद करू नको. येतो मी."

दहाव्याचं मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून ते दिवस मावळायच्या आत मोपेडवर आले. सकाळी काढून ठेवलेली राहात्याची प्रत होती, तिच्यातून तेरा जणांची माहिती परत आली. उरलेल्या नऊ जणांनी फॉर्म त्याच दिवशी भरले होते, सकाळची प्रत काढल्यानंतर. ते कुठेच नव्हते. मीही त्या नऊमध्ये होते. सकाळभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून दिल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी माझा भरला होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. सर पुढे, मी यादी धरून मागे. प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे केलं कोणी?"

माझं तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. त्याच वेळी डोक्यात सगळं एकदम आलं. 'कमवा आणि शिका'तून नाव जाईल, मग हॉस्टेल जाईल, मग मी घरी, आणि टोळी चार दिवसांत निघणार, आई म्हणेल चल मग. घरी गेलेली आमच्याकडची मुलगी परत येत नाही.

सर म्हणाले, "माझ्याच्यानं झालं साहेब."

मी तोंड मिटलं.

बाहेर व्हरांड्यात मी रडायला लागले तर म्हणाले, "खोटं न्हाई बोललो मी. तारीख कुनी निवडली? मी. सोपी म्हनून घेतली. पोरांची नावं शोधाया मी दोन वर्सं घातली, आन् तारीख घेतली आयती." मग टोपी काढून डोकं खाजवलं. "माझी बी एक जूनच हाय. एवढं तरी कळाया पायजे हुतं."

विद्यापीठाने दोन दिवस वाढवून दिले. नऊ जणांना फोन करून बोलावता आलं असतं. सर म्हणाले, चूक आपली, पायपीट त्यांची कशाला. मोपेडवर ते पुढे, मी मागे कोऱ्या फॉर्मची पिशवी घेऊन, असे आम्ही दोन दिवस नऊ गावं फिरलो. तेच दोन दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सरांनी मला कपाशीच्या शेताकडे बोट दाखवून सेटिंगची फाईल समजावून सांगितली. भरधाव टेम्पो जवळून गेला की ते मोपेड थांबवून त्याला जाऊ देत, मग पुन्हा सुरू करत. मला घाई होती. आता वाटतं, अजून हळू चालवली असती तरी चाललं असतं.

प्रत्येक घरी फॉर्म भरून सही झाली की सर घरातल्या बाईला विचारायचे, "माय, हे पोर खरं कधी झालं?"

फॉर्मला त्याची काही गरज नव्हती. कागदावर एक जूनच राहणार होतं. पण ते विचारायचे, आणि बायका आधी हसायच्या, मग आठवायच्या. एक म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. एकीने सांगितलं, कालव्याला पहिलं पाणी सुटलं तेव्हा. एका घरी म्हातारी म्हणाली, "ह्याचा जलम आन् आमच्या म्हशीचं वेत एकाच दिशी. म्हशीचा डाक्टर आल्ता, त्याचा कागद हाय बघा."

"दाव की कागद," सर म्हणाले.

म्हातारीने पत्र्याच्या पेटीतून जनावरांच्या डॉक्टरचा पिवळा पडलेला कागद काढला. त्यावर तारीख होती, शाईची, स्पष्ट. सरांनी ती स्वतःच्या खिशातल्या डायरीत लिहून घेतली आणि त्या पोराचा हात धरून गदागदा हलवला. "पाव्हनं, तुमी श्रावनातले हायेत." पोरगं लाजून आत गेलं. म्हातारी त्याच्या पाठीवर ओरडली, "म्हशीला धन्यवाद दे जाऊन."

शेवटचं घर माझं होतं. आई अंगणात टोळीच्या सामानाची बांधाबांध करत होती. सरांना बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं, काय केलंस अशा नजरेने. सरांनी काहीच सांगितलं नाही. फॉर्म माझ्याकडून भरून घेतला, वडिलांचा अंगठा घेतला आणि मग विचारलं.

आई म्हणाली, "कारखान्यावर हुतो आमी. उसाच्या पाचटाच्या कोपीतच झाली ही. भोंगा झाला आन् ही रडली. त्या सालचा पयला भोंगा."

"म्हंजी दिवाळीच्या आगंमागं."

"तसंच काहीतरी. पर थंडी लई हुती. ह्यांनी माझ्या अंगावर पाचट टाकलं हुतं."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. सरांनी डायरीत तारखेच्या जागी 'पहिला भोंगा' असं लिहिलं. निघताना मला म्हणाले, "तारीख घावली न्हाई. पर आता ती आयती बी न्हाई."

दोन दिवसांनी रजिस्टरमध्ये त्या दिवसाची नोंद बघायला मी ते उघडलं. सरांनी सगळं लिहिलं होतं. काय होतं, काय केलं, का केलं. 'कोणी केलं' हा रकाना कोरा होता. इतक्या वर्षांच्या त्या रजिस्टरात तेवढा एकच.

"सर, हे राहिलं भरायचं."

"व्हय. राहू दे."

प्राचार्यांसमोर ते जे बोलले ते त्यांना वहीत लिहिता आलं नाही, आणि माझं नाव त्यांनी घातलं नाही. पेन तिथेच होतं. मी रजिस्टर मिटून ठेवलं.

मे महिन्यात सरांचा करार पुढे वाढवला नाही. कॉलेजने सगळं काम कंपनीकडे द्यायचं ठरवलं, मशीन नकोत, खोली नको. दसऱ्याच्या वेळचा गोंधळ हेच कारण होतं असं कोणी म्हणालं नाही. ठरावात मात्र 'विद्यार्थ्यांच्या माहितीची सुरक्षितता' असे शब्द होते, ते मी सूचना फलकावर वाचले.

शेवटच्या दिवशी कंपनीचा माणूस घोडेगाव बंद करायला आला. तो म्हणाला, "सर, हे टेस्टचे सगळे निवडून एकदम डिलीट मारा ना." सर म्हणाले, तुम्ही चहा घेऊन या. मग त्यांनी एकेकाला उघडून, वाचून, पुसलं. मी शेजारच्या स्टुलावर होते. दोन संतोष लागोपाठ गेले. मंजुळापाशी ते जरा थांबले. परीक्षेला न बसणारा पोरगा आला तेव्हा म्हणाले, "ह्याचं राहूनच गेलं." एकेचाळीस झाल्यावर त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं, स्वेटर काढून पिशवीत ठेवला आणि रजिस्टर सही घेऊन कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिलं. ते रजिस्टर पुढे रद्दीत गेलं. मी चौकशी केली होती.

आता जिन्याखाली मोडक्या खुर्च्या ठेवतात. नवीन प्रोग्रॅम चांगला चालतो, खरंच चांगला चालतो, फॉर्म मोबाईलवरून भरता येतो. या वर्षीचा फॉर्म मी हॉस्टेलच्या गच्चीत बसून भरला. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना उघडला तर आधीच 'शेती' आलेलं. ते मी बदललं. मग पाठवायचं बटण दाबायला बोट पुढे जाईना. मी बदलू शकले, कारण मला एकदा कोणीतरी थांबून विचारलं होतं. त्या माणसाच्या बाबतीत मात्र सगळं कॉलेज जे धरून चाललं आहे, ते मी वर्षभर तसंच राहू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून मी प्राचार्यांकडे गेले. त्या दिवशीची आज्ञा मी दिली होती, सरांनी नाही, ते गावाला होते, एवढंच लिहिलं होतं. प्राचार्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, आता याचा काय उपयोग? ती पोस्टच राहिली नाही. तुला उगीच त्रास." मी तरीही उभी राहिले, तेव्हा म्हणाले, "बरं, दे ऑफिसात." मी दिला. क्लार्क मॅडमनी तो पेपरवेटखाली सरकवला.

सरांचा नंबर माझ्याकडे होताच. ते गेल्यापासून कधी लावला नव्हता. गावाकडे ते दूध संकलन केंद्रावर मशीन बघतात, एवढं मला पारनेरच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. फोन उचलला तेव्हा मागे कॅनचे आवाज येत होते.

"सर, मी बोलतेय." नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, "बोला पाव्हनं."

मी जे सांगायचं ते सांगितलं. बहुतेक फार भराभर सांगितलं. पलीकडे कोणीतरी विचारलं, "फॅट किती लागली वो?" सरांनी त्याला आकडा सांगितला, थांब म्हणाले, आणि परत फोनवर आले.

"काय म्हनाले साहेब?"

"म्हणाले, आता उपयोग नाही."

"बरोबर हाय त्यांचं."

"पण मी लेखी दिलं सर."

"आवक नंबर घेतला?"

"नाही."

"मग दिलं कुठं तू? नुसतं ठिवून आलीस. उद्या जा, नंबर टाकून घे, तुझ्या प्रतीवर शिक्का घे."

"हो सर."

मला वाटलं आता ते फोन ठेवतील. मला विचारायचं होतं, कसे आहात, इकडे कधी येणार, स्वेटर अजून घालता का. यातलं काही विचारता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही रागावला होता का माझ्यावर?"

कॅनचे आवाज थोडे लांब गेले. ते बहुतेक बाहेर येऊन उभे राहिले असावेत.

"न्हाई," ते म्हणाले. "पर लई दिस लावलेस."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी उभी राहिले. मॅडमनी पेपरवेटखालून अर्ज काढला, कुरकुरत नंबर टाकला, माझ्या प्रतीवर शिक्का मारला. व्हरांड्यातूनच मी फोन लावला.

"घेतला सर."

"सांग."

मी एकेक आकडा सांगितला. ते प्रत्येक आकडा माझ्यामागून म्हणाले, सावकाश, मध्ये थांबत, जसं लिहिताना माणूस म्हणतो तसं.

"लिहिला," म्हणाले.